उघडीप मिळेपर्यंत

कोकणकड्यावर भल्या सकाळी पोहोचलेल्या छायाचित्रकाराला कडा दिसतो, पण मिळत नाही. हरिश्चंद्रगडाचा हा कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सूर्य मागच्या बाजूनं, गडाच्या माथ्यावरून वर येतो आणि दुपार कलेपर्यंत कड्याचा कातळ स्वतःच्याच सावलीत राहतो. रात्रभर चालून आलेल्यांनी पहाटे घाईघाईनं काढलेल्या फोटोंत वर पांढरंफटक आभाळ आणि खाली काळा डाग एवढंच उरतं, ते यामुळे. पण पावसाळ्यात एखाद्या सकाळी याच सावलीतल्या कड्यावर वेगळंच काही घडू शकतं. कोकणातून वर चढलेलं धुकं कड्याच्या अर्धगोल वाटीत साचलेलं असावं, पाऊस थांबलेला असावा आणि पाठीमागून कोवळं ऊन यावं. मग कड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची सावली खालच्या धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती रंगांचं पूर्ण कडं उमटतं. हेच इंद्रवज्र. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्यात त्यानं हरिश्चंद्रगडावरून पाहिलेल्या या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. तेव्हा कॅमेरा सर्वसामान्यांच्या हाती यायचा होता.

इंद्रवज्राची एक गंमत अशी की ते ज्याचं त्याचं असतं. दोन माणसं शेजारी उभी असली तरी प्रत्येकाला स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवतीच कडं दिसतं. साध्या इंद्रधनुष्याचंही तसंच आहे. पाहणारा हलला की तेही हलतं. अमेरिकी गिर्यारोहक आणि छायाचित्रकार गॅलन रोवेल यानं १९८१ साली ल्हासात याच गुणधर्माचा उपयोग करून घेतला. इंद्रधनुष्य दिसत होतं, पण पोताला राजवाड्यापासून लांब. आपण कुठे जाऊन उभे राहिलो तर ते राजवाड्याच्या छपरांवर टेकेल, याचा त्यानं मनाशी हिशेब केला आणि साडेतीन हजार मीटरहून जास्त उंचीवरच्या विरळ हवेत कॅमेरा घेऊन तो धावत सुटला. ते छायाचित्र पुढे जगभर छापलं गेलं. लोक त्याला नशिबाचा फोटो म्हणतात. नशीब त्यात होतंच, पण प्रकाश कसा वागतो हे ठाऊक नसतं तर तो धावला कुठल्या दिशेनं असता?

पुढच्या पानांचा विषय हाच आहे. उघड्यावरची छायाचित्रं, म्हणजे डोंगर, पठारं, नद्या, पाऊस, धुकं यांची छायाचित्रं, घडतात कशी. आणि चौकटीत न दिसणारं काय काय त्यांच्या मागे उभं असतं. कॅमेऱ्याची कळ दाबणं हा या कामातला सर्वांत लहान भाग. त्याआधी जागा ओळखीची व्हावी लागते. तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे, कुठल्या महिन्यात सूर्य कुठल्या खिंडीतून वर येतो, वारा कुठून चढतो, पाणी कधी आटतं, हे सगळं पायांनी शिकावं लागतं. चांगलं निसर्गछायाचित्र हा अशा ओळखीचा पुरावा असतो. महागड्या लेन्सनं तो खोटा उभा करता येत नाही आणि साध्या कॅमेऱ्यानं तो कमी होत नाही.

ही ओळख नसली तर काय होतं, याचं उदाहरण हिमालयातल्या पहिल्या मोठ्या छायाचित्रकारानंच घालून दिलं आहे. सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमचा बँकेतला कारकून १८६३ साली नोकरी सोडून हिंदुस्थानात आला. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यानं हिमालयात तीन लांबलचक मोहिमा केल्या. त्या काळी छायाचित्र काचेवर, ओल्या कोलोडियनच्या पद्धतीनं घ्यावं लागे. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर चिकट कोलोडियन ओतून ते चारही कोपऱ्यांपर्यंत एकसारखं पसरवायचं, अंधाऱ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि ती वाळायच्या आत परत तंबूत नेऊन उमटवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. मध्ये वारा सुटला, धूळ बसली किंवा धुण्याचं पाणी गोठलं की काच वाया. तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि शिधा वाहायला पहिल्याच मोहिमेत तीसेक हमाल होते. पुढे ही संख्या वाढत गेली. १८६६ साली स्पिती आणि किन्नौर यांच्या मधल्या मणिरंग खिंडीत, १८ हजार फुटांहून जास्त उंचीवर, बोटं गारठलेली असताना त्यानं काचा तयार केल्या आणि छायाचित्रं घेतली. इतक्या उंचीवर घेतलेली छायाचित्रं त्याआधी जगात कुठेच नव्हती.

बोर्नच्या कष्टांना तोड नाही. तरीही त्याचे प्रवासलेख वाचताना दोन गोष्टी खटकत राहतात. पहिली, हिमालयाबद्दलची त्याची तक्रार. त्याला तळी हवी होती, झाडीनं मढलेले काठ हवे होते, इंग्लंड आणि आल्प्समधल्या चित्रांत शोभतील अशी मऊ दृश्यं हवी होती. हिमालय त्याला फार अवाढव्य, फार उघडाबोडका वाटला. तो आपली चौकट घरून घेऊन आला होता आणि डोंगरानं त्या चौकटीत बसावं अशी त्याची अपेक्षा होती. दुसरी गोष्ट हमालांची. ते अर्ध्या वाटेत पळून गेल्याच्या, त्यांना धाकानं कामाला लावल्याच्या हकिकती त्यानं स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. काचा ज्यांच्या पाठीवरून त्या खिंडीत पोहोचल्या त्या माणसांची नावं मात्र आज कुणालाही सांगता येत नाहीत. उघड्यावरच्या छायाचित्रणाचा इतिहास लिहिताना ही उणीव ठळकपणे नोंदवायला हवी, कारण ती अजून भरून निघालेली नाही. आजही एखाद्या सुंदर फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव असतं, कॅमेऱ्याचं असतं, लेन्सचंही असतं. पहाटे तीन वाजता कंदील घेऊन पुढे चाललेल्या वाटाड्याचं नसतं.

सह्याद्रीत तर वाटाड्याचं ज्ञान हाच छायाचित्राचा अर्धा भाग आहे. पाचनई, खिरेश्वर, बेलपाडा अशा पायथ्याच्या गावांतली माणसं या डोंगरात गुरं राखून, रानभाज्या आणि हिरडे गोळा करून लहानाची मोठी झालेली असतात. मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज सबंध तालुक्याचा असतो; त्यांचा अंदाज एका घळीचा असतो. कुठला ओढा दुपारनंतर ओलांडता येणार नाही, कुठल्या धारेवर शेवाळ धरलंय, ढग कड्याला चिकटून बसणार की तासाभरात उठणार, हे ते समोर बघून सांगतात. त्यांनी नको म्हटल्यावर मागे फिरणं हाही या छायाचित्रणाचा भाग आहे. न काढलेल्या फोटोंची संख्या काढलेल्यांपेक्षा नेहमीच जास्त असते आणि त्यातले बरेचसे न काढले गेले म्हणूनच छायाचित्रकार घरी पोहोचलेला असतो.

पावसाळा हा सह्याद्रीचा खरा ऋतू आणि कॅमेऱ्याचा खरा वैरी. जुलैत नाणेघाटात उभं राहिलं की दोन्ही गोष्टी एकाच वेळी अनुभवाला येतात. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळतो, त्याला पुढे जायला वाट नसते, म्हणून तो कड्याला घासत वर उसळतो आणि पठारावरून खाली कोसळू पाहणारं पाणी परत वर भिरकावतो. हाच उलटा धबधबा. हे दृश्य टिपायचं तर लेन्सचं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे थेट त्या तुषारांकडे करावं लागतं. छत्री तिथे टिकत नाही. अनुभवी माणसं वाऱ्याकडे पाठ करून, लेन्सवर टोपण ठेवून, कॅमेरा रेनकोटाच्या आत छातीशी धरून उभी राहतात; वाऱ्याचा एक झोत ओसरला की वळतात, टोपण काढतात, दोन-तीन फोटो घेतात आणि पुन्हा पाठ करतात. सुती रुमाल पहिल्या दहा मिनिटांत निकामी होतो, म्हणून कोरड्या कापडाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवलेले असतात. शटरचा वेगही विचार करून ठरवावा लागतो. धबधबा म्हटला की बरेचजण सवयीनं शटर सावकाश ठेवतात आणि पाणी दुधासारखं दाखवतात. इथे तसं केलं तर वर उडणारं पाणी नुसता धुरकट पट्टा होऊन जातं, ते वर चाललंय की खाली हेच कळत नाही. सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपलं तर मात्र एकेक थेंब गोठतो, माथ्यावरून मागे फेकलेल्या धारा सुट्या होतात आणि वाऱ्याचा जोर डोळ्यांना दिसतो.

घरी आल्यावरचं काम कुणी सांगत नाही, पण ते तितकंच महत्त्वाचं. ओली बॅग तशीच कोपऱ्यात राहिली तर लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू काचेवर पसरतात आणि वेळेत साफ केले नाहीत तर काचेवरचा लेप कायमचा खातात. म्हणून कोकणात आणि मुंबईत छायाचित्रकारांच्या घरी धान्याच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर लेन्स झोपलेल्या आढळतात. हिमालयात गेलेल्या मराठी मंडळींना याच्या उलट धडा मिळतो. तिथे थंडीनं बॅटरी भराभर उतरते, म्हणून ती आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायची. आणि बाहेरून उबदार खोलीत शिरताना कॅमेरा आधी पिशवीत घट्ट बंद करायचा, नाहीतर गार काचेवर क्षणात दव धरतं.

हिवाळ्यात डोंगर वेगळा वागतो. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन लवकर निवते, गार जड हवा उतारांवरून घरंगळत दरीत जाऊन बसते आणि पहाटेपर्यंत तिथे धुकं धरतं. उंच गडावरून पाहिलं तर खाली पांढरा समुद्र आणि त्यातून वर आलेली शिखरांची बेटं. राजगडावर अशा पहाटे बहुतेक कॅमेरे सुवेळा माचीच्या दिशेला, उगवत्या सूर्याकडे रोखलेले असतात. तिकडे सूर्य दिसतोच, पण बाकी सगळं काळवंडतं. राजगडाच्या पश्चिमेला तोरणा आहे. सूर्याकडे पाठ करून संजीवनी माचीकडे तोंड केलं तर पहिलं ऊन तोरण्याच्या माथ्यावर पडताना दिसतं. काही मिनिटं तो काळा डोंगर तांबूस होतो, त्याच्या कातळाचे आडवे थर एकेक करून उजळतात आणि मग ऊन चढलं की सगळं सपाट होतं. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हाचे ते थर. भर दुपारी काढलेल्या फोटोत ते दिसतच नाहीत, कारण डोंगराचा पोत तिरप्या प्रकाशातच उमटतो.

किल्ल्यांच्या बाबतीत एक गोष्ट जमिनीवरून कधीच दिसत नाही, ती म्हणजे त्यांचा आराखडा. गोपाळ बोधे यांच्यासारख्या हवाई छायाचित्रकारांनी वरून टिपलेले गड पाहिल्यावर राजगडाच्या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला यांचं नातं पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आलं. आता ड्रोनमुळे ती नजर स्वस्त झाली आहे. २०२१च्या नियमांनुसार मोकळ्या क्षेत्रातही परवानगीशिवाय ड्रोन १२० मीटरपर्यंतच उडवता येतो आणि संरक्षित किल्ल्यांवर परवानगी लागते. नियम नसता तरी कड्याच्या कपारीत घरटी करणाऱ्या गिधाडांचा आणि ससाण्यांचा विचार करायलाच हवा होता. विणीच्या काळात घरट्यासमोर घोंघावणारं यंत्र कुठल्याही फोटोसाठी समर्थनीय नाही.

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, भंडारदरा आणि कळसूबाईच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. त्याची जी छायाचित्रं सगळीकडे फिरतात त्यांत सबंध झाड आणि खालचं रान हजारो ठिपक्यांनी भरलेलं असतं. प्रत्यक्षात एका क्षणी इतके काजवे कधीच दिसत नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा घट्ट बसवून, वीस-तीस सेकंदांचे अनेक फोटो एकामागून एक घेऊन ते नंतर संगणकावर एकत्र केलेले असतात. यात फसवणूक नाही. काळाचा एक मोठा तुकडा एका चित्रात आणण्याची ही रीत आहे. मात्र तसं सांगायला हवं. फोटोखाली ती ओळ नसली की लोक तेवढाच उजेड बघायला गाड्या काढून येतात, अपेक्षाभंग झाला की टॉर्च आणि मोबाइलचे दिवे लावतात. काजव्याचा प्रकाश हे नराचं मादीला घातलेलं आवतण असतं. गाड्यांच्या दिव्यांत ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि वर्षातले मोजके दिवस वाया जातात.

कास पठारावर हाच प्रश्न दिवसाउजेडी दिसतो. साताऱ्याच्या पश्चिमेला, सुमारे १२०० मीटर उंचीवर जांभ्या दगडाचा हा सडा आहे. माती बोटभर. पावसाळ्यात त्यावर गेंद, सीतेची आसवं, कवला अशी इवलीशी फुलं गालिचा घालतात आणि सात वर्षांतून एकदा टोपली कारवी फुलते. २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात कासही आलं. ही फुलं वितभराहूनही बुटकी. त्यांच्या उंचीवरून आभाळ दाखवायचं तर जमिनीला पोट टेकून झोपावं लागतं. एक माणूस झोपला की त्याच्याखालची फुलं बी धरण्याआधीच चिरडली जातात. आणि त्याचा फोटो गाजला की पुढच्या आठवड्यात नेमक्या त्याच जागी झोपायला अनेकजण येतात. वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्यांना प्रवेशावर मर्यादा घालाव्या लागल्या त्या यामुळेच. पायवाटेच्या कडेनं, हात लांब करून, पडद्यावर बघून घेतलेला फोटो थोडा कमी नाट्यमय असेल. तो तेवढाच घ्यावा.

मग छायाचित्रानं जागेचं फक्त नुकसानच होतं का? या प्रश्नाचं सर्वांत ठाम उत्तर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, टास्मानिया बेटावर मिळालं. ओलेगास त्रुखानास हा लिथुआनियाचा निर्वासित १९४८ साली तिथे पोहोचला. पुढे तो बेटावरच्या जलविद्युत आयोगातच कारकून होता आणि सुट्ट्यांत होडी घेऊन नैर्ऋत्येकडच्या निर्मनुष्य रानात फिरून रंगीत पारदर्शिका टिपायचा. १९६७च्या फेब्रुवारीत होबार्टभोवती पेटलेल्या वणव्यांत त्याचं घर जळालं. वर्षानुवर्षांचा चित्रसंग्रह त्यात गेला. त्यानं पुन्हा त्याच वाटा तुडवायला सुरुवात केली, कारण लेक पेडर हे गुलाबी वाळूच्या किनाऱ्याचं तळं धरणाखाली जाणार होतं. आयोगाचा नोकर असूनही तो होबार्टच्या टाउन हॉलमध्ये पडद्यावर ती चित्रं दाखवत राहिला. तळं वाचलं नाही. १९७२च्या जानेवारीत, गॉर्डन नदीची गमावलेली चित्रं पुन्हा टिपायला गेलेला त्रुखानास त्या नदीतच बुडाला. त्याचा मृतदेह सापडला तो पीटर डोम्ब्रोव्स्किसला. त्रुखानासनं या तरुणाला जवळजवळ मुलासारखं मानलं होतं, रान बघायला शिकवलं होतं.

डोम्ब्रोव्स्किसनं ते काम पुढे चालवलं. जड लार्ज फॉरमॅट कॅमेरा होडीत बांधून तो फ्रँकलिन नदीच्या प्रपातांतून खाली गेला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्यातल्याच एका सफरीत त्यानं रॉक आयलंड बेंड या वळणावर सकाळच्या धुक्यात नदी टिपली. फ्रँकलिनवरही धरणाची योजना होती. १९८३च्या मार्चमधल्या निवडणुकीआधी हेच छायाचित्र वर्तमानपत्रांत पानभर रंगीत जाहिरात म्हणून छापलं गेलं. ज्यांनी ती नदी कधी पाहिली नव्हती आणि कधी पाहणारही नव्हते अशा लाखो लोकांच्या घरात ती पोहोचली. सरकार बदललं, नव्या सरकारनं धरण थांबवणारा कायदा केला आणि १ जुलै १९८३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. निवडणूक एका फोटोनं जिंकली असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. नाकेबंदी करून तुरुंगात गेलेल्या शेकडो कार्यकर्त्यांचा तो लढा होता. पण नदी कशी दिसते हे देशाला दाखवायचं काम त्या धुक्याच्या चित्रानं केलं. १९९६ साली वेस्टर्न आर्थर्स या डोंगररांगेत छायाचित्रं घ्यायला गेला असताना डोम्ब्रोव्स्किसचं हृदयविकारानं निधन झालं.

कासवर प्रसिद्धीचं ओझं झालं, फ्रँकलिन प्रसिद्धीनं वाचली. दोन्ही खरं आहे आणि प्रत्येक जागेपुढे हा निर्णय नव्यानं घ्यावा लागतो. धरण, खाण किंवा रस्ता डोक्यावर आलेल्या दरीचं नाव मोठ्यानं सांगायला हवं. दुर्मिळ ऑर्किड फुलणाऱ्या झाडाचं, गिधाडांच्या कपारीचं किंवा अजून शांत असलेल्या एखाद्या सड्याचं सांगू नये. पुढच्या पानांवरच्या छायाचित्रांखाली महिना, वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा दिलेली आहे, जेणेकरून नव्यानं या वाटेला लागलेल्यांना आपापल्या डोंगराचा अभ्यास करताना त्याचा उपयोग व्हावा. जिथे वाटाड्या बरोबर होता तिथे त्याच्या संमतीनं त्याचं नावही आहे. आणि ज्या फोटोंखाली जागेचं नाव नाही, ते छपाईत राहून गेलेलं नाही. मुद्दाम दिलेलं नाही.